कीचक मेला, विराट सुटला

चिखलदऱ्याला गेलेल्या प्रत्येक वऱ्हाडी माणसाला भीमकुंड दाखवले जाते. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले आणि या कुंडात हात धुतले, अशी तिथली लोककथा. कीचकदऱ्याचे पुढे चिखलदरा झाले, असेही सांगतात. आमच्या पातूरच्या शाळेची सहल तिथे गेली तेव्हा गुरुजींनी ही गोष्ट सांगितली, आणि आम्ही पोरांनी कीचकाच्या नावाने दरीत भरपूर दगड फेकले. त्याला आता पन्नास वर्षे होत आली. या काळात कीचकाची बाजू घेणारा माणूस मला भेटलेला नाही आणि भेटावा अशी इच्छाही नाही. अलीकडे मला प्रश्न पडतो तो विराटाचा. ज्याच्या दरबारात हे सारे घडले, त्या राजाचे पुढे काय झाले?

हा प्रश्न पडायला एक निमित्त झाले. आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमून एखादे पुस्तक किंवा चित्रपट घेऊन बोलतो. निवृत्त मास्तर, एक वकील, औषधाच्या दुकानाचा मालक, बचत गटाच्या दोन बाया, असा आमचा बारदाना. मागच्या पावसाळ्यात आम्ही ‘२०० हल्ला हो’ पाहिला. न्यायालयातल्या हत्येचे दृश्य आले आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवली. दुकानदार म्हणाले, ‘‘बरं केलं बायायनं. कोर्टात काय न्याव भेटते का जी?’’ वकिलांनी मान खाली घातली. बचत गटातल्या एका बाईने मात्र टाळी वाजवली नाही. तिच्याकडे मी शेवटी येईन.

चित्रपटामागची घटना नागपूरची. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयात, भर दुपारी, कस्तुरबा नगरातल्या दोनशेच्या आसपास स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले. मिरचीपूड, दगड, चाकू. सत्तरहून अधिक घाव. दहा वर्षांहून अधिक काळ त्याने ती वस्ती ओलीस धरली होती. खून, बलात्कार, खंडणी, घरात घुसून मारहाण हे रोजचे झाले होते. तक्रार करायला गेलेल्या बाईचे नाव ती घरी परतण्याआधी त्याच्यापर्यंत पोहोचत असे, असे त्या स्त्रिया आजही सांगतात. तो पकडला जाई, सुटे, आणि सुटल्यावर तक्रार करणारीच्या दारात उभा राही. शेवटी वस्तीने त्याच्या घरावर चाल केली, तेव्हा जीव वाचवायला तो पोलिसांच्याच आश्रयाला गेला. हत्येनंतर आम्हा सगळ्यांना अटक करा म्हणून स्त्रिया पुढे आल्या. खटला दहा वर्षे चालला आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले.

हा न्याय होता का? ‘हो’ म्हणणे सोपे आहे, ‘नाही’ म्हणणेही सोपे आहे, विशेषतः ज्याच्या दारात कधी कुणी चाकू घेऊन उभे राहिलेले नाही त्याला. मी त्यातलाच एक. म्हणून वाङ्मयाचा विद्यार्थी म्हणून जे हाती आहे तिकडे वळतो.

विराटपर्व पुन्हा काढून वाचले. आपल्या आठवणीत भीम आणि कीचक एवढेच उरलेले असते. मूळ कथेत त्याच्या आधी एक दरबार आहे. कीचक सैरंध्रीला भर सभेत लाथ मारतो. ती राजाकडे दाद मागते. विराट म्हणतो की तुमचे भांडण माझ्या डोळ्यांआड झाले, खरे काय ते कळल्याशिवाय मी काय निवाडा करू? हे वाक्य कुठल्याही ठाणे अंमलदाराच्या तोंडी शोभेल. कंकाच्या वेषातला युधिष्ठिर तिला आत जायला सांगतो. मग रात्री ती स्वयंपाकघरात भीमाकडे जाते. म्हणजे द्रौपदी आधी दरबारात गेली, आणि दरबाराने पाठ फिरवल्यावर मुदपाकखान्यात गेली. हा क्रम विसरून चालणार नाही. कस्तुरबा नगरानेही तोच क्रम पाळला होता.

पण कथा इथे थांबत नाही. कीचकाचे भाऊबंद सैरंध्रीला त्याच्या चितेवर जाळायला बांधून नेतात, आणि राजा त्याला संमती देतो. भीमाला झाड उपटून आणखी एकशे पाच माणसे मारावी लागतात. यानंतर तरी विराटाने काय करावे? तो राणीकरवी सैरंध्रीला निरोप देतो, की बाई, तू आता आमच्या नगरातून निघून जा. जिच्यावर अन्याय झाला तिलाच गाव सोडायला सांगितले जाते, आणि राजा सिंहासनावर जसाच्या तसा! त्याला कुणी विचारत नाही की तुझ्या सभेत लाथ पडली तेव्हा तू काय करत होतास. व्यासांनी हे सगळे सरळ मांडून ठेवले आहे. विसरलो आपण.

मराठी रंगभूमीने कीचक विसरू दिला नाही. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. प्रेक्षकाला कीचकात कर्झन दिसला, द्रौपदीत हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. सरकारलाही तेच दिसले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच्या थोडेच आधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या होत्या. मला या नाटकाविषयी आदर आहे. परक्या राज्यात विराट बदलण्याचा कुठलाच सनदशीर मार्ग हाती नव्हता, तेव्हा भीमाकडे जाणे समजण्यासारखे आहे. अडचण अशी की ते रूपक आपण स्वराज्यातही जसेच्या तसे वापरत राहिलो. आता विराट आपल्या मतांनी निवडून येतो, ठाणे आपल्या करातून चालते, आणि तरी आपली नजर भीमाच्या बाहूंवरच.

‘कीचकवधा’ला उत्तर म्हणून नव्हे, पण उत्तरासारखे वाचता येईल असे नाटक तेंडुलकरांनी १९७२ मध्ये दिले. ‘घाशीराम कोतवाल’ची चर्चा नाना फडणविसांच्या बदनामीभोवती आणि ब्राह्मणांच्या रांगेभोवती इतकी फिरली, की शेवटाकडे हवे तसे लक्ष गेले नाही. १७९१ मध्ये पुण्यात घाशीरामाच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले, हा इतिहास. नाटकात नाना स्वतःच्या हाताने घाशीराम लोकांना सोपवतो. लोक ठेचतात, आणि नाना उत्सव जाहीर करतो. घाशीरामाला कोतवाली दिली कुणी, त्याच्या मुलीच्या मोबदल्यात दिली कुणी, हे विचारायला रंगमंचावर कुणीच उरत नाही. दगड मारण्यात सगळे गुंतलेले असतात. जमावाच्या न्यायावर मराठीत याहून कठोर भाष्य मला माहीत नाही. मेलेला माणूस निर्दोष होता, असे हे नाटक कुठेही म्हणत नाही. त्याच्या मरणाने कुणाची सोय झाली, एवढेच दाखवते.

हीच मोजपट्टी घेऊन मी त्या दोन पडद्यावरच्या कृतींकडे येतो. सार्थक दासगुप्ता यांचा ‘२०० हल्ला हो’ २०२१ मध्ये झी फाइव्हवर आला. अमोल पालेकरांनी त्यात निवृत्त दलित न्यायाधीश उभा केला आहे, रिंकू राजगुरूने वस्तीतली शिकलेली मुलगी. या स्त्रियांचे ऐकले का गेले नाही याचे उत्तर त्यांच्या जातीत आहे, हे चित्रपट आडपडदा न ठेवता सांगतो, आणि ते त्याचे मोठे काम. पालेकरांचा संयतपणाही लक्षात राहतो. पण खलनायक इतका राक्षसी रंगवला आहे, की पोलीस त्याच्यापुढे नुसते किडके प्यादे वाटतात. खरे तर उलट होते. अक्कू यादवसारखा माणूस स्वतःच्या ताकदीवर दहा वर्षे टिकत नाही, त्याला टिकवावे लागते. त्यामुळे तो मेल्यावर प्रेक्षकाचे समाधान पूर्ण होते, आणि आमच्या खोलीत टाळ्या पडल्या त्या याच समाधानाच्या.

उमेश विनायक कुलकर्णी यांचा तीन भागांचा माहितीपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तो ज्या मालिकेत बसवला आहे तिचे नावच शिकारी माणसांवरून आहे, हे एक वैगुण्य. पण ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ करणाऱ्या या दिग्दर्शकाला गल्ली आणि ओटा कसा दाखवायचा हे कळते. तिथल्या स्त्रिया आपल्या घरात बसून बोलतात आणि कॅमेरा घाई करत नाही. त्यांचे बोलणे ऐकताना माझ्या मनात आले, की हे सगळे एका न्यायाधीशासमोर, लेखनिकाच्या नोंदीत, शपथेवर यायला हवे होते. तिला काय केले, कुठे केले, ती कुणाकडे गेली आणि त्याने काय उत्तर दिले. ते आले नाही, कारण आरोपीच उरला नाही. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, आणि तो थांबला की त्याला पाठीशी घालणाऱ्यांची उलटतपासणीही थांबते. पुढे दहा वर्षे न्यायालयात जे चालले, त्यात पिंजऱ्यात वस्तीतलीच माणसे होती. ती सुटली याचा मला आनंद आहे. मी त्या जागी असतो तर काय केले असते, ते सांगायची माझी हिंमत नाही. पण पुराव्याअभावी सुटणे म्हणजे तुम्ही म्हणता ते खरे होते असे न्यायालयाने म्हणणे नव्हे. त्या स्त्रियांना मिळाली ती सुटका, तीही दोनदा, आधी अक्कूपासून आणि मग खटल्यापासून. न्याय म्हणजे त्यांचे म्हणणे कुणीतरी अधिकाराने खरे ठरवणे. ते त्यांना कधीच मिळाले नाही.

आमचे दुकानदार यावर म्हणाले, ‘‘सर, तुमी शब्दाचा कीस पाडून राह्यले.’’ असेलही. म्हणून जमावाबद्दल दोन गोष्टी सांगतो. अक्कूच्या हत्येनंतर दोनच वर्षांनी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका जमावाने भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले. गावाचा निवाडा आपल्या हाती आहे, असेच त्या जमावालाही वाटत होते. कस्तुरबा नगरातला जमाव पिचलेल्यांचा होता, खैरलांजीतला दांडग्यांचा. या दोघांना एका तराजूत घालणारा मी नाही. पण आपल्याकडे जमाव बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचा असतो, आणि ज्यांना कायद्याशिवाय दुसरा आधार नाही त्यांच्याच अंगणात तो येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना पोरे पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे होते.

त्याच दिवसांत इकडेही मोबाइलवर तेच संदेश फिरत होते. बाजारात एका फकिरासारख्या दिसणाऱ्या म्हाताऱ्याभोवती चाळीसेक माणसे गोळा झाली. त्याच्या झोळीत काय आहे ते पाहा, असे कुणी ओरडले. मी भाजीची पिशवी घेऊन पाच हातांवर उभा होतो. जमावात माझे दोन विद्यार्थी होते, मी हाक मारली असती तर ते वळले असते. मी मारली नाही. एका कांदेवालीने मध्ये पडून शिव्या घातल्या आणि गर्दी पांगली. झोळीत भाकरी आणि पितळी वाटी निघाली. हे मी आजवर घरीही सांगितले नव्हते.

हल्ली भीमाने खाकी घातली आहे, हे सर्वांत चिंतेचे. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष नागपूरच्या वकिलीतून वर गेलेले न्या. वि. श्री. सिरपूरकर होते, २०२२ मध्ये सांगितले की गोळ्या जाणूनबुजून मारण्यासाठीच झाडल्या होत्या. चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते, असेही नोंदवले. सप्टेंबर २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराचा आरोपी पोलिसांच्या गाडीत मारला गेला, तेव्हा ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. शब्द मोठे बोलके आहेत. बदला पुरा झाला म्हटल्यावर तक्रार घ्यायला पालकांना किती ताटकळावे लागले, शाळेने काय केले, हे प्रश्न विचारण्याचा उत्साह कुणाला उरतो? कोतवालाला ठेचून झाले की उत्सव.

टाळी न वाजवणाऱ्या बाईविषयी. तिच्या मुलीचा खटला सहा वर्षे चालू आहे. त्या दिवशी चहा झाल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘‘तो मेला तर मले काय भेटते, सर? माह्या पोरीले गावात खोटी म्हणतात. जजसाहेबानं त्याच्या तोंडावर म्हणाव, का पोरगी खरं बोलते. ते मले आयकाचं हाये.’’ दुकानदार काही बोलले नाहीत. वकिलांनी तिच्याकडून कागद घेतले आणि चष्मा लावून तिथेच वाचायला बसले. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. सकाळी पातूरहून निघणाऱ्या पहिल्या एस.टी.ने तिच्यासोबत आम्ही तिघे जाणार आहोत.