तुकोबांचें गुरुपण

संतांच्या नम्रतेविषयीं मराठींत जितकें लिहिलें गेलें आहे, तितकें त्यांच्या जबाबदारीविषयीं लिहिलें गेलेलें नाहीं. स्वतःस हीन, अज्ञान, सर्वांच्या पायांची धूळ म्हणविणाऱ्या ओळी संतकाव्यांत पानोपानीं आढळतात, आणि वाचक त्या ओळी पत्राच्या मायन्याप्रमाणें डोळ्यांखालून घालून पुढील मजकुराकडे वळतो. श्रद्धाळू टीकाकार 'संतांचा स्वभावच तसा' असें म्हणून थांबतो. चिकित्सक टीकाकार ती एक सांप्रदायिक रूढि ठरवून बाजूस सारतो. निदान तुकोबांच्या बाबतींत हे दोन्ही मार्ग अपुरे आहेत. गुरु म्हणवून घेण्याचें तुकोबांनीं नाकारिलें, हें केवळ त्यांच्या स्वभावाचें लक्षण नव्हे. ती एका विचाराची निष्पत्ति आहे, आणि तो विचार नम्रतेचा आहे त्याहून अधिक जबाबदारीचा आहे. गाथेंतील तीन-चार अभंग एकमेकांशेजारीं ठेवून वाचले असतां हें स्पष्ट होईल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वारकरी पंथ हा भक्तीचा मोकळा बाजार असून त्यांत गुरुपरंपरेस स्थान नाहीं, असें कित्येकांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. ज्ञानेश्वरांनीं आपली परंपरा आदिनाथापासून निवृत्तिनाथांपर्यंत सांगितली आहे. बहिणाबाईंनीं तीच पुढें सच्चिदानंदबाबा, विश्वंभर, राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजीचैतन्य अशा क्रमानें तुकोबांपर्यंत आणून पोंचविली. ओतूरास बाबाजींची समाधि आहे. खुद्द तुकोबांनीं आपल्या उपदेशाची हकीकत एका अभंगांत दिली असून तींत या तिन्ही चैतन्यांचीं नांवें आहेत. म्हणजे परंपरा तुकोबांस अमान्य नव्हती. प्रश्न असा, कीं परंपरेंतून जें मिळालें तें पुढें कोणत्या नात्यानें द्यावयाचें?

हा उपदेशाचा अभंग फार बारकाईनें वाचण्यासारखा आहे. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. स्वप्नांत, स्नानास जात असतां वाटेंत सद्गुरु भेटतात, मस्तकावर हात ठेवितात आणि भोजनास पावशेर तूप मागतात. शिष्यास त्या तुपाचा विसर पडतो. गुरूंना कांहीं कारणानें त्वरा होते, आणि ते परंपरेची खूण व मंत्र सांगून निघून जातात. दीक्षेच्या प्रसंगांचीं वर्णनें बहुधा तेजानें आणि गंधानें भरलेलीं असतात. येथें मात्र शिष्याच्या लक्षांत राहिलें आहे तें एक न फिटलेलें देणें. सेवा घडली नाहीं, मागितलेली अल्पशी वस्तुहि दिली गेली नाहीं, आणि तरी कृपा झाली, असा हा प्रसंग आहे. ज्याचें स्वतःचें शिष्यत्व असें अर्धवट हिशेबाचें राहिलें, त्याला दुसऱ्याकडून गुरुदक्षिणा घेण्याचा अधिकार कोठून यावा? तुकोबा हा प्रश्न शब्दांनीं विचारीत नाहींत. परंतु पावशेर तुपाचा तो तपशील त्यांनीं वगळला नाहीं, यांतच त्याचें उत्तर आहे.

आतां दुसरा अभंग घेऊं. त्याचा आशय असा, कीं उपदेश मेघाच्या वृष्टीप्रमाणें करावा, परंतु गुरूनें शिष्य करूं नये. कारण शिष्य केला कीं त्याच्या कर्माचा अर्धा वांटा गुरूकडे येतो. पाऊस शेत आणि खडक असा भेद करीत नाहीं, आणि पिकावर आपला हक्कहि सांगत नाहीं, हा दृष्टान्ताचा पूर्वार्ध सर्वांच्या परिचयाचा आहे. सारा भर मात्र उत्तरार्धांतील 'अर्ध्या' या शब्दावर आहे. येथें तुकोबा 'मी लहान आहें म्हणून शिष्य करीत नाहीं' असें म्हणत नाहींत. शिष्य करणें हा एक करार आहे, त्या करारानें दुसऱ्याच्या पापपुण्याची भागी पत्करावी लागते, आणि ती भागी कोणीहि थट्टेवारी नेऊं नये, असें ते बजावीत आहेत.

हा शब्द कोणत्या घरांतून आला हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याचें वजन कळतें. देहूच्या मोऱ्यांच्या घरीं महाजनकी होती, दुकान होतें, सावकारी होती. १६३० च्या सुमारच्या दुष्काळांत तें सारें मोडलें. पत्नी आणि पुत्र गेले. चरित्रकार सांगतात, कीं पुढें भाऊ कान्होबा यांच्याशीं वांटणी करून तुकोबांनीं आपल्या अर्ध्या वांट्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, आणि कान्होबांचा अर्धा वांटा त्यांचा त्यांस दिला. भागी म्हणजे काय, जामीन राहणें म्हणजे काय, दुसऱ्याच्या सहीनें आपलें घर कसें बुडतें, हें या माणसास पोथींतून शिकावें लागलें नव्हतें. ज्यानें पैशाचीं खतें पाण्यांत सोडलीं, तो जीवांचीं खतें लिहून घेण्यास तयार होईना, एवढाच याचा अर्थ.

यावर कोणी म्हणेल, कीं ही तर जबाबदारी टाळण्याची युक्ति झाली. शिष्य केला नाहीं म्हणजे भागी नाहीं, आणि भागी नाहीं म्हणजे उत्तर देणें नाहीं. हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. अथेन्सच्या न्यायसभेपुढें ख्रिस्तपूर्व ३९९ मध्यें सॉक्रेटिसानें केलेलें जें भाषण प्लेटोनें लिहून ठेविलें आहे, त्यांत तो हाच पवित्रा घेतो. मी कधीं कोणाचा गुरु झालों नाहीं, कोणास कांहीं शिकविण्याचें वचन दिलें नाहीं. तेव्हां माझें बोलणें ऐकणाऱ्यांपैकीं कोणी चांगला निघाला किंवा वाईट निघाला, तर त्याचा दोष मजकडे येत नाहीं, असें तो म्हणतो. त्याच्या सहवासांत वावरलेल्या अल्सिबायडीस आणि क्रिटियस यांनीं अथेन्सचें केवढें अकल्याण केलें, हें श्रोत्यांस ठाऊक होतें. सॉक्रेटिसाची थोरवी निर्विवाद आहे; पण या एका मुद्द्यापुरती त्याची नम्रता त्याची ढाल झाली आहे.

तुकोबांची नम्रता ढाल होत नाहीं. याचा पुरावा त्यांनीं स्वतःसाठीं निवडलेल्या उपमांत आहे. एके ठिकाणीं ते आपणांस हमाल म्हणवितात : माल धन्याचा, आपण केवळ ओझें वाहणारे. दुसऱ्या एके ठिकाणीं ते म्हणतात, कीं मला निमित्तमात्र मापावर बसविलें आहे. या दोन्ही उपमा बाजारपेठेंतील आहेत, आणि दोहोंत मालकी नाहीं. परंतु दोहोंत जोखीम आहे. धान्य मापाऱ्याचें नसतें, पण माप कमी भरलें तर दोष मापाऱ्याचा असतो. पोतें हमालाचें नसतें, पण तें वाटेंत फुटलें तर जाब हमालास द्यावा लागतो. मालकीचा अभिमान नाहीं आणि जोखमींतून सुटकाहि नाहीं, अशी ही जागा आहे. गुरु या शब्दास जो मान चिकटलेला आहे तो तुकोबांनीं टाकिला. त्या शब्दामागें जें ओझें आहे तें ठेविलें. त्यांच्या नम्रतेचें मर्म हेंच होय.

ज्यांनीं शिष्य केले नाहींत त्यांच्याभोंवतीं माणसें मात्र जमलीं. परंपरा त्यांस टाळकरी म्हणते, चौदा टाळकरी, आणि हा शब्द अर्थपूर्ण आहे. टाळकरी पायांशीं बसत नाहीं, पाठीशीं उभा राहतो; गाणारा चुकला तर ताल सांभाळतो. त्यांपैकीं चाकणचे संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून पुढें वि. ल. भावे यांनीं गाथेची एक आवृत्ति छापिली. १८७३ मध्यें पूर्ण झालेल्या इंदुप्रकाशच्या आवृत्तींत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत; त्यांतील अस्सल किती आणि मागाहूनचे किती, हा वाद येथें नको. परंतु घाणा चालविणाऱ्या एका माणसानें कोणाचा अंकित शिष्य न होतां ही वाणी लिहून ठेविली, ही परंपरेची आठवण तुकोबांच्या उपदेशपद्धतीवरील उत्तम भाष्य आहे.

सिद्धान्ताची खरी कसोटी मात्र बहिणाबाईंच्या आत्मचरित्रपर अभंगांत लागते. १६२८ मध्यें जन्मलेल्या, तिसऱ्या वर्षीं तीस वर्षांच्या बिजवरास दिलेल्या या ब्राह्मण मुलीनें कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनांत तुकोबांचे अभंग ऐकिले आणि त्यांचा ध्यास घेतला. तुकोबांस बाबाजी जसे स्वप्नांत भेटले, तसेच तुकोबा हिला स्वप्नांत भेटले. शूद्रास गुरु मानल्याबद्दल पतीचा मार खाऊन, अखेर त्याच पतीसह ती देहूस आली. देहूंत तेव्हां मंबाजी नांवाचे एक गोसावी होते. या कुटुंबानें आपला अनुग्रह घ्यावा अशी त्यांची इच्छा होती. आमचा गुरु तुकोबा, असें उत्तर मिळतांच ते संतापले. त्यांनीं बहिणाबाईंची गाय नेऊन बांधिली आणि तिला मारिलें. बहिणाबाई सांगतात, कीं त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले.

या चमत्काराच्या खरेखोटेपणाची चर्चा टीकाकाराचें काम नव्हे. त्यानें पाहावयाचें तें हें, कीं गुरु म्हणजे काय याविषयीं बहिणाबाईंची कल्पना कोणती होती. एकीकडे शिष्य मागणारा गुरु आहे, आणि तो मिळाला नाहीं म्हणून मुक्या जनावरावर काठी उगारतो. दुसरीकडे शिष्य न मागणारा गुरु आहे, आणि शिष्येच्या गोठ्यांतील जनावराचा मार त्याच्या पाठीवर उमटतो. ज्या 'अर्ध्या वांट्या'ची भीति तुकोबांनीं अभंगांत बोलून दाखविली, तो वांटा कराराशिवायच त्यांच्या अंगावर आला, आणि त्यांनीं तो नाकारिला नाहीं, असें तिची ही कथा सांगते. १९२९ मध्यें जस्टिन ॲबट यांनीं या अभंगांचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून त्यांकडे स्त्रीजीवनाचा दस्तऐवज म्हणून पाहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. गुरुतत्त्वावरील टीका म्हणूनहि ते तितकेच मोलाचे आहेत.

तरीहि तुकोबांच्या भूमिकेंत एक उणीव राहते, ती लपविण्याचें कारण नाहीं. पाऊस पडून जातो. त्यावर उगवलेल्या तणास उपटणारा कोणी उरत नाहीं. ज्यानें शिष्य केले नाहींत त्यानें उत्तराधिकारीहि नेमिला नाहीं; आणि मग त्याच्या नांवावर कोण काय करतो, याचा जाब विचारणारें आसन पंथांत निर्माण झालें नाहीं. पिंपळनेरच्या निळोबांनीं तुकोबांच्या पश्चात् त्यांचा अनुग्रह मिळविला तोहि दृष्टान्तानेंच. पुत्र नारायणबाबांनीं १६८५ मध्यें पालखीची प्रथा सुरू केली; पण वंशजांस इनामें मिळालीं आणि पुढें मानपानाचे व हक्कांचे तंटे झाले. १८३० च्या सुमारास हैबतबाबांनीं ज्ञानेश्वरांची पालखी वेगळी काढिली त्यामागें हे तंटे होते असें सांगतात. जवळच चिंचवडास मोरया गोसाव्यांच्या गाणपत्य परंपरेंत गुरुत्वच नव्हे तर देवत्वहि सात पिढ्या वंशानें चाललें, आणि त्याबरोबर संस्थान उभें राहिलें. तेथें निदान जबाबदार कोण हें ठरलेलें होतें. देहूनें पद नाकारिलें आणि वंशाला मात्र इनाम राहिलें, ही विसंगति तुकोबांच्या विचाराची नव्हे, पण त्या विचारानें ती टळलीहि नाहीं.

या उणिवेवर तुकोबांजवळ एकच उपाय होता, तो म्हणजे नियम घालून ठेवणें. कीर्तनकारासाठीं त्यांनीं घातलेला नियम प्रसिद्ध आहे : जेथें कीर्तन करावें तेथें अन्न घेऊं नये, गंध-बुक्का लावूं नये, माळ घालून घेऊं नये, एवढेंच काय, बरोबरच्या तट्टाबैलासाठीं दाणावैरणहि मागूं नये, आणि द्रव्य घेणारा व देणारा दोघेहि सारखेच दोषी. दोष दोघांवर समसमान ठेवण्यांत पुन्हां तोच 'अर्धा वांटा' दिसतो. विष्णुबुवा जोग यांनीं १९१७ मध्यें आळंदीस वारकरी शिक्षणसंस्था काढिली, तेव्हां त्यांचे डोळे याच नियमाकडे होते.

पिंपरीस १९५४ मध्यें स्थापन झालेल्या पेनिसिलिनच्या कारखान्यापासून आजच्या चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांपर्यंत या मुलुखाचें रूप ओळखूं येणार नाहीं इतकें पालटलें आहे. तुकोबांची पालखी आजहि आकुर्डीस मुक्काम करते. गांवोगांव सप्ताहांचे मंडप पूर्वींपेक्षां मोठे पडतात. कीर्तनाची बिदागी पुष्कळदां आधीं ठरते. त्याबद्दल नुसता शोक करण्यांत अर्थ नाहीं. कीर्तनकारासहि संसार आहे. परंतु तो ज्या मंडपांत उभा राहून तुकोबांचा अभंग निरूपणास घेतो, त्या मंडपांत माप त्याच्या हातीं असतें, आणि समोर बसलेल्या कामगारानें पाळीवरून येऊन आपली झोंप त्या मापावर ओतलेली असते. तें माप पुरें भरलें कीं नाहीं याचा हिशेब त्याच्याकडेच मागितला जाईल.

व्यासपीठावरून शिकविणाऱ्या आम्हां अध्यापकांनाहि हा विचार परका नाहीं. आपण कोणाचे गुरु नाहीं असें म्हणणें आज सोपें झालें आहे. त्यांत विनय दिसतो आणि सुटकाहि होते. तुकोबांची नम्रता या जातीची नव्हती. त्यांनीं आसन सोडिलें, पण जोखीम सोडिली नाहीं. आणि ज्या परंपरेनें त्यांस इतकें दिलें तिचें पावशेर तुपाचें देणें ते जन्मभर विसरले नाहींत. गुरुपणाचा अधिकार कोणास आहे याची परीक्षा करावयाची असेल, तर शिष्यांची संख्या न मोजतां, आपण कोणाचें काय देणें लागतों याची आठवण त्या मनुष्यास आहे किंवा नाहीं, एवढेंच पाहावें.