'शिशुपाळवधां'तील शृंगार : एका जुन्या अभिप्रायाचा फेरविचार

भास्करभट्ट बोरीकरांचा 'शिशुपाळवध' हा महानुभावांचा ग्रंथ नांवानें वीररसाचा, परंतु अंतरंगानें शृंगाराचा आहे. त्याचा रचनाकाल शके १२३४ (इ. स. १३१२) च्या सुमाराचा मानतात, ओंवीसंख्या एक हजाराहून अधिक आहे. ज्या वधावरून ग्रंथास नांव मिळालें, तो वध कवीनें अखेरीस थोडक्यांत उरकला आहे. रुक्मिणीचा रुसवा, श्रीकृष्णाची मनधरणी, वसंत व जलक्रीडा यांत मात्र त्याची वाणी मनसोक्त रमली आहे.

परंपरा अशी सांगते कीं, ग्रंथ पुरा होतांच कवीनें तो एका वडील गुरुबंधूस दाखविला. ग्रंथ उत्तम साधला हें त्यांनीं मान्य केलें. मात्र तो संसारांत रमणाऱ्यांच्या जोगता आहे, विरक्तांच्या नव्हे, असा अभिप्राय दिला. त्यावरून कवीनें भागवताच्या एकादश स्कंधाच्या आधारें 'उद्धवगीता' रचिली. या आख्यायिकेमुळें 'शिशुपाळवध' हा प्रमाद व 'उद्धवगीता' हें त्याचें प्रायश्चित्त, असें मानण्याचा प्रघात पडला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं.

कवीचे कैवारी म्हणतात कीं, हा शृंगार माघाच्या महाकाव्याचा केवळ संकेत म्हणून आला. हा बचाव टिकत नाहीं. माघाच्या वीस सर्गांत वनविहार, जलक्रीडा व मधुपान आहे खरें. पण तेथील प्रणयी जन म्हणजे यादवांचा समुदाय होय, आणि अखेरच्या सर्गांत युद्धास भरपूर जागा दिलेली आहे. भास्करभट्टांनीं युद्ध आंखडतें घेतलें आणि प्रणय एका दांपत्यावर एकवटला. हें अनुकरण नव्हे. ही बुद्धिपुरःसर केलेली निवड आहे.

या निवडीचें नावीन्य रुक्मिणीच्या इतर काव्यांशीं ताडून पाहिल्यास स्पष्ट होतें. नरेंद्राचें 'रुक्मिणीस्वयंवर' (इ. स. १२९२) व एकनाथांचें त्याच नांवाचें काव्य (इ. स. १५७१) या दोहोंचा विषय विवाहापर्यंतचा अनुराग हा आहे. भास्करभट्टांचा विषय विवाहानंतरचा आहे. ज्यास पंथ साक्षात् परमेश्वरावतार मानतो, तो येथें रुसलेल्या पत्नीचें आर्जव करितो. आणि हें लिहिणारा स्वतः संन्यस्त आहे! गुरुबंधूंस जें खटकलें तें हेंच असावें, आणि त्यांचें वाचन चुकीचें नव्हतें. शृंगारास शृंगार म्हणून त्यांनीं ओळखलें. त्यावर भक्तीचें पांघरूण घालणाऱ्या आधुनिकांपेक्षां ते अधिक प्रामाणिक होते.

मात्र त्यांचा निवाडा पंथानें पाळला काय? पोथ्या याचें उत्तर नकारार्थी देतात. 'शिशुपाळवध' पंथाच्या 'साती ग्रंथां'त गणला गेला. 'उद्धवगीते'च्या जोडीनें त्यास मान मिळाला. आणि सांकेतिक लिपींत तो मठामठांतून जतन झाला. म्हणजे ज्यांच्या जोगता तो नाहीं असें म्हटलें गेलें, त्या विरक्तांनींच तो सांभाळिला. भास्करभट्ट पुढें पंथाचे आचार्य झाले, त्या आदरापोटीं ग्रंथ टिकला असेल, असा आक्षेप येईल. तो अगदींच निराधार नाहीं. परंतु आदर पोथी बासनांत बांधून ठेवण्यास पुरतो. सातांत स्थान मिळण्यास ती वाचली जावी लागते.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे. या ग्रंथाची प्रत हातीं आल्यास केवळ शेवटचें पान पाहून शक उतरून घेऊं नये. रुसव्याच्या व जलक्रीडेच्या ओंव्या अखंड आहेत कीं गाळलेल्या, समासांत टिपा कोठें दाट आहेत, कोणतीं पानें बोटांनीं मळलीं आहेत, हेंही नोंदवावें. आख्यायिका एका वाचकाचें मत सांगते; मळलेलीं पानें अनेकांचें सांगतील.