युद्ध गॅलरीत सुरू झाले काय?

क्रोएशियाच्या राजधानीत, झाग्रेबमध्ये, माक्सिमिर नावाचे फुटबॉलचे मैदान आहे. त्याच्या बाहेर सैनिकांच्या शिल्पाचे एक स्मारक आहे. १३ मे १९९० रोजी याच मैदानावर ज्यांनी सर्बियाशी युद्ध सुरू केले, त्या क्लबच्या समर्थकांना ते अर्पण केलेले आहे, असा मजकूर त्यावर कोरलेला आहे. युद्ध आपण सुरू केले, असे अभिमानाने दगडावर कोरून ठेवणारी माणसे जगात फार नसतील. परंतु आश्चर्य याचे नाही. आश्चर्य याचे की, झाग्रेबचा राष्ट्रवादी जे छाती फुगवून सांगतो तेच पश्चिमेचा पत्रकार नाक मुरडून सांगतो. दोघांचे म्हणणे एकच : युगोस्लाव्हिया फुटबॉलच्या गॅलरीत फुटला. या म्हणण्याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे.

त्या दिवशी दिनामो झाग्रेब आणि रेड स्टार बेलग्रेड यांचा सामना होता. काहीच दिवसांपूर्वी क्रोएशियात अनेकपक्षीय निवडणूक होऊन फ्रान्यो तुज्मान यांचा राष्ट्रवादी पक्ष विजयी झालेला. बेलग्रेडहून रेड स्टारचे सुमारे तीन हजार समर्थक आले. त्यांच्या संघटनेचे नाव 'देलिये', म्हणजे शूर गडी. यजमानांच्या समर्थकांचे नाव 'बॅड ब्लू बॉइज'. घोषणा झाल्या, खुर्च्या उखडल्या गेल्या, कुंपण तुटले, पोलिसांनी अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे सोडले. सामना सुरूच झाला नाही. दिनामोचा एकवीस वर्षांचा कर्णधार झ्वोनिमिर बोबान याने आपल्या समर्थकाला मारणाऱ्या एका पोलिसाला उडी मारून लाथ घातली. ती लाथ क्रोएशियात राष्ट्रीय दंतकथा झाली. बोबानवर बंदी आली आणि त्या वर्षीचा विश्वचषक त्याच्या हातून गेला. लाथ खाणारा पोलीस सर्ब नव्हता, बोस्नियाचा मुसलमान होता, हा तपशील मात्र दंतकथेतून गळून गेला.

या समर्थकांच्या संघटनांना युरोपात 'अल्ट्रा' म्हणतात. गोलपोस्टच्या मागची गॅलरी ही त्यांची जागा. ढोल, झेंडे, मशाली, नव्वद मिनिटे अखंड चालणारी गाणी आणि मैदानाकडे पाठ करून गाणी सांगणारा म्होरक्या. आपली मुलेही आता हे सारे मोबाइलवर पाहतात. माझ्या वर्गात दोनतीन तरी विद्यार्थी असे आहेत की, त्यांना बोबानची लाथ तोंडपाठ आहे. त्यांतला एक, चळवळीत मनापासून काम करणारा, मला म्हणाला, "सर, हा खरा विद्रोह." विद्रोह हा शब्द आपल्या साहित्याने फार मोल देऊन मिळवला आहे. तो असा कोणाच्याही लाथेला चिकटवता येईल काय, हे पाहिलेच पाहिजे.

आधी कालक्रम पाहू. ४ मे १९८० रोजी टिटो वारले, तेव्हा स्प्लिट शहरात हायदुक आणि रेड स्टार यांचाच सामना चालू होता. एक क्रोएशियाचा संघ, एक सर्बियाचा. बातमी सांगितली गेली, खेळाडू मैदानावर रडले आणि हजारोंची गॅलरी एका सुरात टिटोचे गाणे गाऊ लागली. २६ सप्टेंबर १९९० रोजी त्याच मैदानात हायदुकचे समर्थक उतरले आणि त्यांनी युगोस्लाव्हियाचा झेंडा जाळला. दहा वर्षांत गॅलरी एवढी कशी बदलली? गॅलरीने स्वतःला बदलले नाही. मधल्या काळात देश कर्जात बुडाला, कारखाने आजारी पडले, १९८९ च्या अखेरीस महागाई वर्षाला हजार टक्क्यांच्या पलीकडे गेली. तरुणांना काम नव्हते. आणि नेमक्या याच वेळी शहाण्यांनी लेखण्या उचलल्या. सर्बियाच्या विज्ञान व कला अकादमीचे निवेदन १९८६ मध्ये वृत्तपत्रातून फुटले. कोसोवोत सर्बांचा वंशसंहार चालू आहे असे त्यात म्हटलेले होते. त्या भाषेवर स्लोबोदान मिलोशेविच मोठे झाले. पलीकडचे तुज्मान हे इतिहासात डॉक्टरेट मिळवलेले. बोस्नियातील सर्बांचे पुढारी राडोवान काराजिच हे मनोविकारतज्ज्ञ आणि कवी. वंशसंहाराच्या गुन्ह्यात त्यांना आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१६ मध्ये दोषी धरले आणि २०१९ मध्ये जन्मठेप दिली. एक अकादमी, एक इतिहासकार, एक कवी. यांतला कोणीही गोलपोस्टमागे उभा राहून ढोल बडवत नव्हता. साहित्याच्या नियतकालिकात लिहिताना ही गोष्ट जरा मोठ्याने सांगावीशी वाटते.

अमेरिकन पत्रकार फ्रँकलिन फोअर यांचे 'हाऊ सॉकर एक्स्प्लेन्स द वर्ल्ड' हे २००४ सालचे पुस्तक आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही सहज मिळते. त्याचे पहिलेच प्रकरण रेड स्टारवर आहे. फोअर बेलग्रेडला गेले, देलियेंना भेटले, त्यांच्या मारामाऱ्यांच्या कथा ऐकल्या. प्रकरण वाचनीय आहे, धीटही आहे. परंतु त्यांची नजर गुंडावर खिळून राहते. दंडावर गोंदलेली, दारू प्यालेली, शिवराळ माणसे त्यांना दिसतात आणि राष्ट्रवादाचे भयानक रूप ते त्यांच्या ठायी पाहतात. त्याच पुस्तकात बार्सिलोनावर एक प्रकरण आहे. तेथे फोअर स्वतः त्या क्लबचे चाहते म्हणून बोलतात आणि कॅटलान मध्यमवर्गाचा राष्ट्रवाद त्यांना सभ्य, रसिक, निरुपद्रवी वाटतो. म्हणजे राष्ट्रवाद चांगला की वाईट हे तो कोण बोलतो, कोणत्या कपड्यांत बोलतो, यावरून ठरावे? ही दृष्टी आपल्या परिचयाची आहे. दंगल झाली की वस्तीतल्या पोरांची नावे छापून येतात. दंगलीच्या आधी वर्षभर लेख लिहिणाऱ्याचे नाव छापून आलेलेच असते, पण संपादकीय पानावर.

याउलट सर्बियाचे मानववंशशास्त्रज्ञ इव्हान चोलोविच यांचा 'फुटबॉल, गुंड आणि युद्ध' या विषयावरील निबंध पाहावा. युद्धाच्या काळात बेलग्रेडमध्येच राहून आपल्या समाजाच्या राष्ट्रवादाविरुद्ध लिहिणारा हा माणूस. त्यांनी गॅलरीतली गाणी आणि क्रीडावृत्तपत्रे दोन्ही शेजारी ठेवून वाचली. जी वृत्तपत्रे काल या पोरांना गुंड म्हणून झोडपत होती, तीच त्यांना देशभक्त म्हणून कशी गौरवू लागली, हे त्यांनी उताऱ्यांसह दाखवले. गाणी फारशी बदलली नव्हती, शिव्याही त्याच होत्या. बदलली होती ती वरच्यांची गरज.

आणि ती गरज भागवायला आर्कान आला. जेल्को राझ्नातोविच उर्फ आर्कान : सैन्यातील अधिकाऱ्याचा मुलगा, पश्चिम युरोपात बँका लुटणारा, युगोस्लाव्ह गुप्त पोलिसांशी संबंध असलेला. देलिये आपसांत भांडत होते, काही विरोधी पुढाऱ्यांच्या नावाने घोषणा देत होते. मिलोशेविचच्या राजवटीला ती गॅलरी हाताबाहेर जाण्याची भीती होती. आर्कानने ती ताब्यात घेतली. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितले की, या पोरांना आपण शिस्त लावली, केस कापायला लावले, दारू सोडायला लावली. ११ ऑक्टोबर १९९० रोजी सर्बियन स्वयंसेवक दल स्थापन झाले, त्यात पहिले वीसेक जण गॅलरीतलेच होते. या दलाने १९९२ च्या एप्रिलमध्ये बोस्नियातील बियेल्यिना गावात मुसलमान नागरिकांना ठार केले. छायाचित्रकार रॉन हाविव यांनी तेथे टिपलेले, रस्त्यावर पडलेल्या स्त्रीला लाथ मारणाऱ्या सैनिकाचे छायाचित्र जगाने पाहिले. येथेही लाथच आहे. माझ्या विद्यार्थ्याने ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

मी गॅलरीतल्या पोरांना निर्दोष ठरवत नाही. ज्याने खून केला तो खुनी आहे, त्याची बेकारी त्याचे वकीलपत्र घेऊ शकत नाही. परंतु वुकोवार शहर ८७ दिवसांच्या वेढ्यानंतर १८ नोव्हेंबर १९९१ रोजी पडले, ते युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा आणि रणगाडे यांच्यामुळे पडले. तोफा गॅलरीच्या मालकीच्या नव्हत्या. त्यानंतर चार महिन्यांनी, मार्च १९९२ मध्ये, रेड स्टार आणि पार्तिझान यांच्या सामन्यात आर्कानचे लोक वुकोवारकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पाट्या घेऊन उभे राहिले. एकीवर वीस मैल, दुसरीवर दहा, असे करीत वुकोवारच्या स्वागताची पाटी आली. एरवी एकमेकांचे हाडवैरी असलेले दोन्ही बाजूंचे समर्थक तेव्हा एकत्र जयघोष करू लागले, असे फोअर लिहितात.

बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात राष्ट्रीयत्वाच्या भावनेविषयी एक फार मर्मग्राही निरीक्षण नोंदवले आहे. ही भावना दुधारी असते, आपल्यांना जवळ करते त्याच क्षणी परक्यांना तोडते, असा त्याचा आशय. गॅलरीत ही दुधार उघडी दिसते. म्हणूनच 'आपले' कोण हे ठरवणारा तेथे राजा होतो. आणि ठरवणे किती खोटे असते ते रेड स्टारच्याच संघात पाहावे. २९ मे १९९१ रोजी इटलीतील बारी येथे या क्लबने युरोपियन कप जिंकला. पेनल्टीवर गोल करणाऱ्या पाचांत प्रोसिनेच्की हा क्रोएट बापाचा, सर्ब आईचा. बेलोदेदिच रोमानियात जन्मलेला. शेवटचा गोल मारणारा पान्चेव मॅसेडोनियाचा. आणि सिनिशा मिहाय्लोविच वुकोवारमध्ये जन्मलेला, सर्ब बापाचा, क्रोएट आईचा. ज्या शहराच्या पाट्या गॅलरीत नाचवल्या गेल्या ते त्याचे जन्मगाव. संघ असा मिश्र आणि गाणी मात्र शुद्ध रक्ताची! नावांचेही तसेच. 'देलिये' हा शब्द मूळ तुर्की. 'बॅड ब्लू बॉइज' हॉलिवूडच्या चित्रपटावरून घेतलेले. स्प्लिटच्या समर्थकांची 'तोर्सिदा' ब्राझीलच्या पोर्तुगीजमधून आलेली. शुद्धतेच्या या सैनिकांकडे स्वतःचे नावसुद्धा स्वतःच्या भाषेत नव्हते.

झाग्रेबच्या पोरांचे पुढे काय झाले? त्यांतले अनेक क्लबचे चिन्ह गणवेशावर लावून युद्धात गेले. तुज्मानने मात्र दिनामो हे नाव साम्यवादी वाटते म्हणून बदलून टाकले आणि १९९३ मध्ये क्लबचे नाव 'क्रोएशिया झाग्रेब' केले. ज्यांनी राष्ट्रासाठी रक्त सांडले त्यांना आपल्या क्लबचे नाव मागण्यासाठी त्याच राष्ट्राच्या सत्तेशी वर्षानुवर्षे झगडावे लागले. तुज्मान वारल्यानंतर, २००० मध्ये, ते नाव परत आले. स्मारकावरचा मजकूर वाचताना हे आठवावे.

आता एका शब्दाकडे वळतो. या सर्व चर्चेत, फोअरच्याच नव्हे, एकूणच, त्याचा विचार झालेला मला दिसला नाही. रेड स्टारच्या समर्थकांना पार्तिझानचे समर्थक 'त्सिगानी' म्हणजे जिप्सी म्हणून हिणवतात. रेड स्टारवाल्यांनी ती शिवी उचलली आणि अभिमानाने मिरवली. आज ते स्वतःच स्वतःला त्या नावाने हाक मारतात. 'दलित' हा शब्द ताठ मानेने घेतलेल्या आपल्याला हे ओळखीचे वाटेल आणि क्षणभर आवडेलही. पण आपण ज्या नावाने उभे राहिलो ते आपल्या वाट्याला आलेल्या जगण्याचे नाव होते. येथे ज्यांचे ते नाव आहे ते रोमा लोक सर्बियात कचरा वेचून, पत्र्याच्या वस्त्यांत राहून, शाळेत मागच्या बाकावर बसून जगतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये बेलग्रेडच्या भर रस्त्यात तेरा वर्षांच्या एका रोमा मुलाला वंशद्वेष्ट्या तरुणांनी, तो रोमा आहे एवढ्यासाठी, मारून टाकले. नाव मिरवणाऱ्यांचे नुकसान काहीच होत नाही. सामना संपला की ते पुन्हा सर्ब होऊन घरी जातात.

रोमांची भाषा भारतीय कुळातली. त्यांचे आकडे ऐकावेत : एक, दुई, त्रिन, श्तार, पांज. १९९९ मध्ये कोसोवोतून सर्बियाचे सैन्य मागे गेले, तेव्हा सर्बांचे साथीदार ठरवून रोमांच्या वस्त्या जाळल्या गेल्या. मित्रोवित्सा येथील मोठी वस्ती उद्ध्वस्त झाली. तेथील विस्थापितांना संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने शिशाने दूषित झालेल्या जमिनीवरील छावण्यांत ठेवले आणि ती माणसे तेथे अनेक वर्षे राहिली. त्यांचा कोणताही क्लब नव्हता, कोणतीही गॅलरी नव्हती. युगोस्लाव्हियाच्या विघटनावरील पुस्तकांत ते बहुधा एखाद्या परिच्छेदात येतात.

फोअरचे पुस्तक वाचावे, पण एकटे वाचू नये. चोलोविचचा निबंध 'द पॉलिटिक्स ऑफ सिम्बल इन सर्बिया' या इंग्रजी पुस्तकात आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तो नाही. तो कोणी मराठीत आणला तर बी.ए.च्या मुलांना वाचायला देता येईल.