'ड्वार्फ फोर्ट्रेस' मधील चिलखतें : जाबता आणि झडती

टार्न अ‍ॅडम्स व झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन बंधूंनीं रचलेला 'ड्वार्फ फोर्ट्रेस' नामक संगणकावरील खेळ २००६ सालीं प्रथम प्रसिद्ध झाला. चित्रांनीं सजविलेली त्याची आवृत्ति २०२२ सालीं निघाली. न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयानें २०१२ सालीं आपल्या संग्रहासाठीं निवडलेल्या पहिल्या चौदा खेळांत याची गणना आहे. डोंगर पोखरून खुज्या लोकांचा दुर्ग वसवावयाचा व तो शत्रूपासून राखावयाचा, हा त्याचा विषय. खेळाचें परीक्षण या त्रैमासिकांत कां, असें वाचक पुसतील. शिपायांस चिलखत चढविण्याचें जें प्रकरण त्यांत आहे, तें जुन्या कागदांवर काम करणारांनीं अवश्य पाहावें असें आम्हांस वाटतें, म्हणून.

मनुष्यजातीच्या व्यापाऱ्यांकडील बख्तर खुज्यांस मोठें पडतें; तें वितळवून धातु काढणें एवढाच त्याचा उपयोग. चांगलें चिलखत बहुधा दुर्गांतच घडवावें लागतें. खनिजापासून लोखंड, लोखंड, चुनखडी व कोळसा यांपासून बीड, बीड, लोखंड, पुन्हां चुनखडी व कोळसा यांपासून पोलाद. भूगर्भांतील तप्त रसावर भट्टी चालविली नाहीं तर दर वेळीं जळण निराळें. एका उरस्त्राणास पोलादाच्या तीन कांबी जातात. ही परंपरा इतकी नेटकी बसविली आहे कीं, चिलखताच्या एका कडीमागें किती रान जळतें याची कल्पना आमच्या कित्येक छापील ग्रंथांपेक्षां येथें स्पष्ट येते.

परंतु खरें मर्म पुढेंच आहे. खेळणारा पथकाचा जाबता लिहितो: दहा असामी, प्रत्येकीं शिरस्त्राण, चिलखत, उरस्त्राण, हस्तत्राणें, जोडे, सर्व पोलादी. जाबता पुरा झाला, शिपाई मात्र उघडाच! कारण प्रत्येकानें आपल्या पायांनीं कोठीवर जाऊन आपलें सामान उचलावयाचें असतें. वस्तु घडलेलीच नसेल, अंगावरील जुने कपडे आड येत असतील, किंवा तो असामी खाणींत कुदळ घेऊन राबणारा असेल, तर जाबत्यांतील शब्द शब्दच राहतात. चिलखत वस्त्रांवरून घालावें कीं वस्त्रें उतरवून, हें देखील लिहून द्यावें लागतें. शत्रु दाराशीं आला असतां पोलादी पथकांतील शिपाई एक हात उघडा घेऊन उभा राहिलेला आम्हीं पाहिला आहे. अंगावर प्रत्यक्ष काय आहे हें कळण्यास त्या असामीचें निराळें पान उघडून झडती घ्यावी लागते.

आमच्या संशोधकमंडळींस एखादा जाबता हातीं लागला कीं त्यांतील आंकडे सरसकट सैन्याच्या अंगावर चढवून मोकळें होण्याची संवय आहे. अमुक पथकांत इतकीं बख्तरें होतीं असें विधान करावयाचें, तर झडतीचा किंवा कोठीच्या खर्चाचा कागद हवा. नेमणुकीचा कागद पुरत नाहीं. हा भेद नवशिक्यांच्या मनावर ठसविण्यास या खेळाइतकें चांगलें साधन आम्हांस दुसरें ठाऊक नाहीं.

दोष आहे तो जतनेचा. येथें वस्त्रें झिजून फाटतात, पण लोखंडास कधीं गंज चढत नाहीं. कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत शिरस्त्राण, कंठत्राण, कंचुक इत्यादि सांगितलीं आहेत खरीं. पण त्याआधींच सामानाची जागा वारंवार बदलावी, त्यास ऊन व वारा द्यावा, उष्मा, ओल व कीड यांनीं बिघडणारें निराळें ठेवावें, असें बजावलें आहे. ज्यांच्या घरीं एखादें कडीचें चिलखत आहे त्यांस पावसाळ्यांत तेलाचें फडकें किती वेळां फिरवावें लागतें हें सांगणें नकोच. खेळांत मात्र वीस वर्षें भुयारांत पडून राहिलेलें लोखंडी बख्तर जसेंच्या तसें उचलून अंगावर चढवितां येतें, आणि कोठीवाल्यास कांहीं काम उरत नाहीं.