काचेवरचा पाऊस, रस्त्यावरचे पाणी

वार्षिकाच्या पानांवर कथा-कवितेची समीक्षा येते, गझलेवर वाद झडतात, अनुवादाच्या अडचणी मांडल्या जातात. तिथे मोटारींच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमवर लिहायचे म्हणजे काही वाचकांच्या कपाळाला आठी पडणार, हे आम्ही जाणून आहोत. पण आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि दरवर्षी जुलैत मुलांना ‘बरसात का मौसम’ हा निबंध घालतो. पूर्वी त्यात मोर, बेडूक आणि कागदाची होडी हमखास असे. निम्मी वाक्ये गाइडमधली असत. अलीकडे एका मुलाने लिहिले की पावसात गाडीचा वेग वाढवला की काचेवरचे थेंब वर आणि मागे पळतात. वाक्य चांगले होते, गाइडमधले तर नक्कीच नव्हते. चौकशी केल्यावर कळले की मुलाने चारचाकी कधी चालवलेली नाही, पुढच्या सीटवरही क्वचितच बसलेला आहे. थेंब त्याने मोठ्या भावाच्या पडद्यावर पाहिले होते. म्हणजे आमच्या मुलांना पावसाची प्रतिमा आता कवितेइतकीच, किंबहुना जास्तच, खेळांतून मिळते. मग त्या प्रतिमेची खरी-खोटी बाजू तपासणे हे समीक्षेचे काम नव्हे काय?

कसोटी कोणती लावायची? आमच्या उर्दू परंपरेत पाऊस केवळ बहार घेऊन येत नाही. नज़ीर अकबराबादींची ‘बरसात की बहारें’ ही नज़्म नावाने बहारीची आहे, पण तिच्यात चिखलात घसरून पडणारी, कपडे बरबाद झालेली माणसेही आहेत. मीर तकी मीरांनी तर आपल्याच पडक्या घराच्या निंदेची मसनवी लिहिली आणि पावसात त्या घराची काय दशा होते ते सांगितले. या दोघांकडून आम्ही एवढेच घेतो की पाऊस कसा दिसतो यापेक्षा तो काय करतो, हे ज्याला सांगता आले त्याला पाऊस कळला.

या कसोटीवर जुने खेळ सहज नापास होतात. त्यांच्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, तरी एकाचा उल्लेख करायला हवा. वीस वर्षांपूर्वी चंद्रपूर-बल्लारपूरच्या सायबर कॅफेंत तासाचे पैसे मोजून ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’ खेळणारी पिढी आज तिशी-पस्तिशीत आहे. २००३ च्या त्या खेळात सगळे शहर रात्रीचे आणि सगळे रस्ते ओले. दुकानांच्या रंगीत दिव्यांचे प्रतिबिंब डांबरावर पडावे एवढ्यासाठी ते ओले केलेले. कोरडा रस्ता त्या शहरात जवळजवळ नाहीच, मग ओल्या रस्त्याचा फरक कळायचा कुठून? हा पाऊस नव्हे, सजावट. लग्नाच्या मंडपाला झालर लावावी तसा. त्याआधी २००१ मध्ये ‘ग्रान तुरिस्मो ३’ आला. त्यात ‘वेट’ नावाचा वेगळा ट्रॅक होता, कायमचा ओला. गाडी तिथे घसरे, वळणावर हात आखडता घ्यावा लागे. पण हा पाऊस येत नव्हता आणि जातही नव्हता. यादीतून निवडायचा एक पदार्थ होता.

डिसेंबर २०१४ मध्ये ‘ड्राइव्हक्लब’ या प्लेस्टेशनच्या खेळात पावसाची भर पडली तेव्हा जगभर वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. थेंब काचेवर आपटतो, गाडी वळली की बाजूला सरकतो, वेग घेतला की मागे ओढला जातो, वायपर फिरला की पाण्याची कड उरते. आमच्या विद्यार्थ्याचे वाक्य याच वंशातले. या खेळात भारतातले रस्तेही होते. आपला देश पडद्यावर पाहून आम्हाला आनंद झाला, पण तो थोडा वेळच टिकला. रस्ता इतका नितळ की त्यावर पाणी साचायला जागाच नाही! एक खड्डा नाही, वाहून गेलेली साइडपट्टी नाही, डांबराच्या कडेला उघडा पडलेला मुरूम नाही. पावसाचे बारकावे काचेवर संपतात आणि काचेच्या पलीकडे पाऊस परका होतो. तो बनवणारी इव्होल्यूशन स्टुडिओज ही कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, खेळाची ऑनलाइन सेवाही मार्च २०२० अखेर थांबली. थेंबांच्या बाबतीत मात्र आजही त्याचे नाव घेतले जाते.

रस्त्यावरच्या पाण्याचा विचार २०१५ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट ६’ने अधिक गंभीरपणे केला. त्यात ट्रॅकवर ठरावीक जागी डबकी आहेत आणि त्यांत चाक गेले की स्टिअरिंग हलके पडते, गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी सरळ जाते. यामागे विज्ञान आहे. नासाचे वॉल्टर हॉर्न यांनी १९६३ मध्ये विमानांच्या टायरच्या अभ्यासातून दाखवले की टायर कोणत्या वेगाला पाण्यावर चढेल हे मुख्यतः त्यातल्या हवेच्या दाबावर ठरते. पौंडांतल्या दाबाचे वर्गमूळ काढून त्याला सुमारे दहाने गुणले की ताशी मैल मिळतात. तीस पौंड हवा असलेल्या मोटारीचा हिशेब ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास जातो. पण ‘फोर्झा’तली डबकी जिथल्या तिथे. दोन-चार फेऱ्यांत ती पाठ होतात, जशी परीक्षेआधी मुलांना प्रश्नांची उत्तरे पाठ होतात. ‘प्रोजेक्ट कार्स २’ (२०१७) यापुढे गेला. त्यात पाणी उतारावरून वाहत येऊन सखल जागी साचते, पाऊस थांबला की गाड्यांच्या चाकोरीत रस्ता आधी सुकतो. हा सुकत जाणारा पट्टा ‘एफ वन २०१०’नेही दाखवला होता. युरोपातल्या धावपट्टीवरचा पाऊस म्हणून ही कामगिरी मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

आता आमच्या रस्त्यांवर या. चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि औष्णिक वीज केंद्र. घुग्घुस, राजुरा, गडचांदूरकडच्या रस्त्यांवर आठ महिने कोळशाची भुकटी, राख आणि ट्रकमधून ठिबकलेले तेल साचत राहते. मृगाची पहिली सर येते तेव्हा पाणी जेमतेम रस्ता भिजण्यापुरते असते, पण त्याचा काळा लेप तयार होतो. त्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत दुचाकी जितकी घसरते तितकी पुढच्या झडीतही घसरत नाही, कारण झड तो लेप धुऊन नेते. बहुतेक खेळांचे गणित याच्या उलटे आहे. त्यांत पाणी जेवढे जास्त तेवढी पकड कमी. थोड्या पाण्याचा धोका त्यांना ठाऊक नाही. आमच्या मुलाला उद्या मोटारसायकल मिळेल तेव्हा हेच थोडे पाणी त्याच्या चाकाखाली येणार आहे, वाकड्या-तिकड्या गर्दीत, ताशी चाळीसच्या वेगाने. नव्वदला तरंगणाऱ्या मोटारीचा धडा त्याच्या काय कामाचा?

दुसरी गोष्ट डबक्याची. खेळातले डबके आरशासारखे असते. त्यात आकाश दिसते, दिवे दिसतात, आणि त्याची खोली सगळीकडे बोटभर. आमच्याकडचे डबके म्हणजे न वाचता येणारे अक्षर. खाली बोटभर पाणी आहे की ट्रकच्या चाकांनी उखडलेला गुडघाभर खड्डा, हे वरून कळत नाही. म्हणून इथला जुना चालक पाण्याकडे पाहत नाही, पुढच्या गाडीचे चाक किती बुडते ते पाहतो. पुढे गाडीच नसेल तर थांबतो, क्लीनरला उतरवतो. पाण्याने रस्त्याविषयीची माहिती लपवणे हा पावसाळी प्रवासाचा गाभा आहे. शर्यतीच्या खेळात पाणी काहीच लपवत नाही, उलट रस्ता अधिक देखणा करते.

रात्रीचेही तसेच. ओले डांबर दिव्याचा प्रकाश पुढे फेकते, चालकाकडे परत फार थोडा येतो. म्हणून आपल्या दिव्यात रस्ता काळा ठिक्कर वाटतो आणि समोरून येणाऱ्याचा दिवा दुप्पट डोळ्यांत जातो. पांढरा पट्टा पुसलेला, दोन्ही बाजूंना सागाचे जंगल, समोरून ओव्हरलोड ट्रक. मूल-चिचपल्लीच्या रस्त्याने आषाढात रात्री गेलेल्याला हे सांगावे लागणार नाही. खेळात प्रतिबिंब असते, पण आंधळेपणा नसतो. खेळणाऱ्याला दिसलेच पाहिजे ना! नाहीतर तो खेळ विकत कशाला घेईल?

पण आमचा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. खरा पाऊस माणसाला थांबवतो. भामरागड हे गाव पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ आहे. पर्लकोटा फुगली की हेमलकसा ओलांडून पुढे जाता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये असे वारंवार झाले, गावात पाणी शिरले, संपर्क तुटला. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीच्या पुराने राजुरा-बल्लारपूरची वाहतूक अडली होती. गडचिरोलीत नाल्यावरचे ठेंगणे पूल आणि रपटे तर किती आहेत, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना पाणी उतरण्याची वाट पाहत बसलेली माणसे. शर्यतीच्या जगातही खरे असेच घडते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी बेल्जियममधल्या स्पा येथे फॉर्म्युला वनची शर्यत पावसाने अडली. तासन्तास वाट पाहून गाड्यांनी सेफ्टी कारच्या मागे जेमतेम फेऱ्या मारल्या आणि चालकांना अर्धेच गुण मिळाले. जगातले सर्वांत निष्णात चालक आणि सर्वांत महागड्या गाड्या पावसापुढे थांबल्या. आम्ही पाहिलेल्या शर्यतीच्या खेळांत मात्र पावसामुळे ‘आज जाऊ नका’ असे कोणी म्हणत नाही. पाऊस तिथे अडथळा आहे, आणि अडथळा हा पार करण्यासाठीच असतो, असे तो खेळ शिकवतो. रपट्यावरून पाणी वाहत असताना ‘निघून जाईल गाडी’ म्हणणारा तरुण आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. ती वृत्ती खेळाने निर्माण केली असे आम्ही म्हणणार नाही, ती खेळांच्या आधीपासून आहे. खेळ तिला नाही म्हणत नाही, एवढेच.

मग आमच्या पावसाजवळ जाणारा खेळ एकही नाही काय? आहे, आणि गंमत अशी की तो शर्यतीचा नाही. २०१४ चा ‘स्पिनटायर्स’, त्याचा पुढचा अवतार ‘मडरनर’ (२०१७) आणि नंतरचा ‘स्नोरनर’ (२०२०). पहिल्या खेळात रशियातले जंगल, सोव्हिएत धाटणीचे जुने ट्रक, आणि काम एकच, लाकडाचे ओंडके भरून डेपोपर्यंत पोहोचवणे. आलापल्ली-बल्लारपूरच्या वाचकाला यात परके काय वाटावे? आकाशातून पाऊस पडताना त्यात जवळजवळ दिसतच नाही. पण जमीन पावसाने भिजून महिना झाल्यासारखी आहे. चाक फिरले की चिखल बाजूला ढकलला जातो, चाकोरी खोल होते आणि परतताना आपण आपल्याच चाकोरीत अडकतो. नदी ओलांडताना प्रवाह ट्रकला ढकलतो, पाणी इंजिनपर्यंत चढले तर गाडी बंद पडते. मग झाडाला तार बांधून इंच इंच ओढायचे. वेगाला इथे किंमत नाही, घाई करणारा हमखास रुततो. काचेवर एक थेंबही न दाखवता पाऊस कळू शकतो, हे या खेळाने सिद्ध केले. वरोरा-कोरपन्याच्या काळ्या मातीत ज्याचा ट्रॅक्टर रुतला आहे तो हा खेळ पाहून हसेल, आणि मग मान डोलावेल.

आमच्या मुलांना हे खेळ फारसे मिळत नाहीत, त्यांना भारी यंत्र लागते. त्यांच्या मोबाइलवर असतो २०१७ चा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. त्यात बसला हवा तो रंग देता येतो, म्हणून कुणी हौशी पोरांनी आपल्या एस.टी.ची लालपरी त्यात उतरवली आहे. बस आपली, रस्ता जावा बेटाचा! तरीही मुले त्या बसला चंद्रपूर आगाराचे नाव देतात, थांबे आपले कल्पितात, आणि घंटीचा आवाज तोंडाने काढतात. आपल्या रस्त्याची भूक त्यांना आहे, हे यातून आम्हाला दिसते.

‘स्पिनटायर्स’मध्येही एक उणीव राहिली आहे आणि ती लहान नाही. त्या ट्रकमध्ये ओंडके असतात, डिझेल असते, पण माणूस कोणीच नसतो. एटापल्लीकडून निघालेल्या आमच्या जीपमध्ये मागे नऊजण दाटीने बसलेले असतात. त्यात गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायची बाळंतीण असते, तिची सासू असते, कुणाच्या मांडीवर परीक्षेचे कागद असतात. जीप रुतली की आधी हे सगळे चिखलात उतरतात, बाळंतीण तेवढी आत राहते.