शाळेंतील ग्रंथपाल आणि नवें यंत्र

टीकेचा विषय ग्रंथ, अशी आपली रूढ समजूत आहे. तो ग्रंथ ज्याच्या हातून वाचकाच्या हातीं जातो त्याच्यासंबंधीं टीकाकार सहसा लिहीत नाहींत. लेखक, प्रकाशक, मुद्रक, फार काय मुखपृष्ठाचा चित्रकारसुद्धां आपल्या परीक्षणांत कधीं ना कधीं डोकावून जातो. पण शाळेच्या कोपऱ्यांतील कपाटाची किल्ली ज्याच्याजवळ असते, त्या ग्रंथपालाला वाङ्मयाच्या चर्चेंत अद्याप पाट मांडलेला नाहीं. ही उपेक्षा केवळ अन्यायाची असती तर तिच्यासाठीं एवढी शाई खर्चण्याचें कारण नव्हतें. परंतु ती वाङ्मयाच्या मुळावर येणारी आहे, असें मला वाटतें. मराठीचा उद्यांचा वाचक आज दोन वस्तूंच्या मध्यें उभा आहे. एक तें कुलूपबंद कपाट आणि दुसरी त्याच्या तळहातावरची उजळलेली कांच. या दोहोंमध्यें कोणी जाणता मनुष्य उभा असावा कीं नसावा, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष दिसतात. एक पक्ष म्हणतो, या यंत्रानें वाचन बुडविलें. मुलांच्या हातून तें काढून घ्या, म्हणजे तीं आपोआप पुस्तकांकडे वळतील. दुसरा पक्ष म्हणतो, या यंत्रांत हजारों ग्रंथ मावतात; तेव्हां आतां कपाट कशाला आणि कपाटाचा राखणदार तरी कशाला? पहिल्या पक्षाला आपल्या मुद्रणाच्या इतिहासाची आठवण करून द्यावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गणपत कृष्णाजींनीं मुंबईंत छापखाना काढला, तेव्हां शाईंत चरबी असते म्हणून छापील पोथी अनेकांना विटाळ वाटे. आणि त्या शंकेच्या निवारणार्थ गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घातलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. आज त्या पोथ्यांचें आपण कौतुक करतों. नव्या साधनाविषयींची भीति ही साधनापेक्षां लवकर जुनी होते, हा त्यांतला बोध.

परंतु दुसऱ्या पक्षाचें समाधान इतक्या सहजासहजीं होणार नाहीं, आणि तेंच आज प्रबळ आहे. ग्रामीण भारतांतील मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाप्रमाणें १४ ते १६ वयाच्या मुलांपैकीं सुमारें ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरतां येतो. पाहणीच्या आधींच्या आठवड्यांत त्याचा शिक्षणाशीं संबंध असलेला कांहीं उपयोग केलेलीं मुलें सुमारें ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठीं केलेलीं सुमारें ७६ टक्के निघालीं. या आंकड्यांवरून मुलें बिघडलीं असा निष्कर्ष काढणारे काढोत. मला त्यांत निराळेंच दिसतें. यंत्र चालविण्याची विद्या मुलांनीं बहुतांशीं आपली आपण मिळविली. तें कशासाठीं चालवावें, ही विद्या मात्र आपली आपण येत नाहीं. पहिली हाताची आहे. दुसरी रुचीची आहे. आणि रुचि ही संगतीनें येते.

येथें डॉ. शि. रा. रंगनाथन् यांचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन् १९२४ मध्यें मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्यें त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथ हे राखण्यासाठीं नसून वापरण्यासाठीं असतात. ज्याला जो ग्रंथ हवा तो त्याला मिळावा. ज्या ग्रंथाचा जो वाचक तो त्याला भेटावा. वाचकाचा वेळ व्यर्थ जाऊं नये. आणि ग्रंथालय हें वाढत्या देहासारखें असतें, असा त्या सूत्रांचा थोडक्यांत आशय आहे. नव्या यंत्राची कसोटी या सूत्रांवर लावून पाहिली तर काय दिसतें? ग्रंथ वापरांत आणण्याच्या कामीं यंत्रानें कपाटाला केव्हांच मागें टाकलें आहे. त्याला कुलूप नाहीं, वाळवी लागत नाहीं, आणि एकाच वेळीं शंभर मुलांनीं एकच पुस्तक मागितलें तरी ‘बाहेर गेलें आहे’ असें उत्तर तें देत नाहीं. वाढीचें सूत्र तर त्याच्यासाठींच लिहिलें असावें असें वाटतें.

अडचण येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या सूत्रापाशीं. वाचक आणि ग्रंथ यांची भेट घालणाराला दोघांचीही ओळख असावी लागते. यंत्राला वाचकाची ओळख असते, पण ती त्याच्या कालच्या वागण्याची. काल ज्यानें भुताची गोष्ट उघडली त्याला तें आज दहा भुतें आणून देतें. तोच मुलगा महिन्याभरापूर्वीं आजोबा वारल्यापासून मुका मुका झाला आहे आणि भुताच्या गोष्टींत तो भूत शोधीत नसून आजोबांना शोधीत आहे, हें त्याला कळत नाहीं. तें कळण्यास त्याच गांवांत राहावें लागतें आणि त्या मुलाच्या तोंडाकडे पाहावें लागतें.

चौथ्या सूत्राचा तर सर्रास विपर्यास होत आहे. वाचकाचा वेळ वाचवावा म्हणतांना रंगनाथन् यांच्या मनांत पुस्तक शोधण्याचा वेळ होता. पुस्तक वाचण्याचा नव्हे. नव्या साधनांनीं शोधण्याचा वेळ क्षणावर आणून ठेवला, हा त्यांचा मोठाच उपकार आहे. पण त्याच उत्साहांत तीं आतां वाचण्याचाही वेळ वाचवूं लागलीं आहेत. कादंबरीचा सारांश, कवितेचा अर्थ, निबंधाचे मुद्दे, सर्व तयार. जेवणाचा वेळ वाचावा म्हणून कोणी आपल्याऐवजीं जेवून घेतलें, तर त्यास सोय म्हणतां येईल काय? महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यांत बुद्धि कमी झालेली मला दिसत नाहीं; परंतु एक संबंध पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याचा अनुभव ज्याला नाहीं, असा हुशार विद्यार्थी आतां वर्गावर्गांत आढळतो.

यंत्र आणि ग्रंथ यांचें वैर स्वाभाविक नाहीं, याचें प्रमाण आपल्याच इतिहासांत आहे. नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्यास जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनीं बडोदें संस्थानांत १९०६ मध्यें प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, आणि शिकलेलीं मुलें पुन्हां अक्षरशत्रु होऊं नयेत म्हणून ग्रंथालयांची योजना हातीं घेतली. १९१० मध्यें विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनीं बोलावून आणलें. पुढें जनार्दन सखाराम कुडाळकरांनीं ती धुरा वाहिली आणि १९१९ मध्यें या चळवळीवर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. लांकडी पेट्यांतून गांवोगांव जाणारीं फिरतीं ग्रंथालयें बहुतेकांना ऐकून ठाऊक असतात. त्याच ग्रंथालय खात्याची एक शाखा दृश्यशिक्षणाची होती आणि ती जादूचा कंदील व चलच्चित्राचें यंत्र घेऊन खेड्यांत जात असे, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाहीं. त्या काळीं पडद्यावरील हलतें चित्र आजच्या स्मार्टफोनाइतकेंच नवें आणि मोहक होतें. तें ग्रंथालयाचा शत्रु म्हणून दाराबाहेर ठेवण्यांत आलें नाहीं. ग्रंथालयाची जागा त्याला देऊन टाकण्यांतही आली नाहीं. तें ग्रंथपालाच्या हाताखालीं ठेवण्यांत आलें. सारें मर्म या शेवटच्या वाक्यांत आहे.

आज आपल्याजवळ असलेलें धन बडोद्यापेक्षां किती तरी अधिक आहे. पाठ्यपुस्तक मंडळाचें ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचावयास मिळतात. प्रथम बुक्सनें २०१५ मध्यें सुरूं केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंत रणजितसिंह डिसले यांनीं पाठ्यपुस्तकांत काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे सांकेतिक चौकोन, म्हणजे क्यूआर कोड, वापरण्याची युक्ति काढली. पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले, आणि २०२० मध्यें डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. एका खेड्यांतील शिक्षकाची ही कल्पकता कोणासही अभिमान वाटावा अशीच आहे.

परंतु टीकाकाराचें काम कौतुकानें संपत नाहीं. तो चौकोन मुलाला धड्यापासून एका ठरलेल्या ठिकाणीं नेतो. चांगला ग्रंथपाल त्याला धड्यानें कल्पिलेंही नव्हतें अशा ठिकाणीं नेतो. ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टी वाचनाच्या चार पायऱ्यांत लावल्या आहेत, आणि अक्षरें जुळवूं लागलेल्या मुलास त्यांचा आधार मोठा असतो. पण पायरी शब्दांची कठिणता सांगते, अनुभवाची सांगत नाहीं. दोन ओळींची गोष्ट कधीं चाळीस वर्षांच्या माणसाला पुरून उरते, आणि शंभर पानांची गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला पोकळ वाटते. ‘किशोर’च्या पन्नासांहून अधिक वर्षांच्या अंकांपुढें एकट्या बसलेल्या मुलाची स्थिति तर भरल्या बाजारांत हात सुटलेल्या पोरासारखी होते. ज्याला काय मागावें हें ठाऊक नाहीं, त्याच्यापुढें सर्व कांहीं मांडणें हें कांहींच न मांडण्यासारखें आहे.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, शाळेंतील ग्रंथपाल हा मुलाला आयुष्यांत भेटणारा पहिला टीकाकार आहे. निवड करणें, तुलना करणें, ‘हें वाचलेंस, आतां तें वाचून बघ’ असें सांगणें, आणि ‘आवडलें नाहीं’ म्हणून पुस्तक परत आणणाऱ्याला ‘कां बरें?’ असें विचारणें, यापेक्षां टीका दुसरी काय असते? यंत्रविद्येच्या शिक्षणाशींही या कामाचा निकटचा संबंध आहे. अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या योजनेनें २०१६ पासून अनेक शाळांत तारा, विद्युन्मंडलें आणि छोटीं यंत्रें आणलीं. तेथें रमणारा मुलगा ‘मला वाचायला आवडत नाहीं’ असें म्हणतो, आणि आपण त्यावर विश्वास ठेवतों. जाणता ग्रंथपाल त्याच्या हातीं भा. रा. भागवतांनीं मराठींत आणलेला ज्यूल व्हर्न देईल, तेथून जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’पर्यंत त्याला नेईल, आणि यंत्र जुळविणें व गोष्ट जुळविणें यांत एकच बुद्धि खेळत असते, हें त्या मुलाच्या ध्यानीं येईल. स्वतः रंगनाथनांना आपल्या वर्गीकरणपद्धतीची युक्ति लंडनच्या एका दुकानांत ‘मेकॅनो’ नांवाचें जोडाजोडीचें खेळणें पाहून सुचली होती, ही गोष्ट या ठिकाणीं अर्थपूर्ण आहे.

आतां हा ग्रंथपाल आहे कोठें? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूचि वाङ्मयाच्या अभ्यासकानें एकदां अवश्य वाचावी. प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, त्यांत वृत्तपत्रें, मासिकें, सर्व विषयांचीं पुस्तकें आणि गोष्टींचीं पुस्तकेंही असावींत, असें तींत स्पष्ट आहे. वरच्या प्राथमिक वर्गांत मुलें शंभरांहून अधिक असतील तर कला, आरोग्य व कार्यशिक्षण यांसाठीं अंशकालीन शिक्षकांची तरतूद तींत आहे. ग्रंथपालाचें मात्र तींत नांव नाहीं. देऊळ बांधावें, मूर्ति बसवावी, नैवेद्याची यादी करावी आणि पुजाऱ्याचा विसर पडावा, तसें हें झालें. माध्यमिक शाळांत ग्रंथपालाचें पद आहे, पण तें विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असल्यामुळें लहान शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाहीं. म्हणजे ज्या मुलांच्या घरीं पुस्तकें नाहींत त्यांच्याच शाळेंत पुस्तक देणारा नाहीं.

या नियमाचा अर्थ नकाशावर पाहावयाचा असेल तर कुंडलिकेच्या कांठीं यावें. नदीच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर अष्टमी; दोहोंची मिळून एक नगरपरिषद. जवळच धाटावची औद्योगिक वसाहत आणि भोंवतीं भाताचीं शेतें व डोंगराच्या कुशींतल्या वाड्या. कारखान्यांतील कामगाराचें मूल, शेतकऱ्याचें मूल आणि वाडीवरचें मूल, या तिघांच्याही हातीं आज ना उद्यां तीच उजळलेली कांच येणार आहे. फरक पडणार आहे तो तिच्या शेजारीं बसणाऱ्या माणसानें.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक लहान शाळेस ग्रंथपाल देणें सरकारला परवडणारें नाहीं. वर्गशिक्षकच हें काम करील. आक्षेप अगदींच वायफळ नाहीं. अनेक शिक्षक तें प्रेमानें करीतही आहेत. पण दाखलवही, देवघेवीची वही आणि कपाटाची किल्ली अंगावर पडलेला शिक्षक हरवलेल्या पुस्तकाच्या किंमतीला घाबरून कपाट बंदच ठेवतो. यांत त्याचा दोष नाहीं, रचनेचा आहे. प्रत्येक शाळेस नसेल तर दहा शाळांस मिळून एक ग्रंथपाल द्यावा. बडोद्याच्या पेटीप्रमाणें त्याच्यासोबत निवडक पुस्तकें असावींत, आणि बडोद्याच्याच कंदिलाप्रमाणें एक पडद्याचें यंत्रही असावें. त्यानें ‘किशोर’मधली एक गोष्ट पडद्यावर अर्धी वाचून दाखवावी आणि उरलेल्या अर्ध्या गोष्टीसाठीं मुलांना पानांकडे न्यावें. त्याची परीक्षा किती पुस्तकें शाबूत राहिलीं यावर न करतां किती पुस्तकें झिजलीं यावर करावी. यास अपूर्व द्रव्य लागत नाहीं. ग्रंथपालाचें काम हें विद्येचें काम आहे, एवढी मान्यता लागते.

ज्यांचें बालपण रोह्यांत गेलें ते चिंतामणराव देशमुख १९५६ ते १९६१ या काळांत विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्याच कारकीर्दींत, १९५७ सालीं, विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठीं रंगनाथन् यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. विद्येच्या शिखरावरील ग्रंथालयांचा विचार असा तेव्हांच झाला. पायथ्याचा विचार अजून व्हावयाचा आहे. तो करतांना यंत्राला भिऊं नये आणि त्याला शरणही जाऊं नये. वाचक हा जन्मावा लागत नाहीं, घडवावा लागतो. आणि घडविणाऱ्या हाताची जागा रिकामी ठेवून मराठी वाचक कमी झाले म्हणून दरवर्षीं शोक करण्याचा अधिकार आपणां साहित्यिकांस नाहीं.