हॅरॉल्ड, फिलिस आणि सेल्मातली बाई

चार्ल्स मरे यांच्या १९८४ सालच्या ‘लूझिंग ग्राउंड’ या पुस्तकातले हॅरॉल्ड आणि फिलिस हे जोडपे काल्पनिक आहे. गरीब, अविवाहित, फिलिसला दिवस गेलेले. १९६०मध्ये त्यांना लग्न करणे परवडते, १९७०मध्ये न करणे. मरे म्हणतात, मधल्या काळात ‘एएफडीसी’ हा मुलांसाठीचा भत्ता वाढला, त्याच्या अटी सैल झाल्या. मांडणी इतकी बेतशीर की वाचक मान डोलावतोच. मी पुढचे आकडे शोधत बसले.

१९७०नंतर महागाई धरता भत्ता घसरत गेला. १९९६पर्यंत त्याचे मोल साधारण निम्म्यावर आले. मिसिसिपीत तीन जणांच्या कुटुंबाला महिना १२० डॉलर मिळत! लग्नाबाहेरचे जन्म मात्र १९६०च्या सुमारे ५ टक्क्यांवरून १९९६मध्ये ३२ टक्क्यांवर गेले. त्याच वर्षी क्लिंटन यांच्या काळात एएफडीसी मोडीत निघाली, मदतीला पाच वर्षांची मर्यादा आली; तरी २००९मध्ये हे प्रमाण ४१ टक्के होते. ‘फूड स्टॅम्पही धरा,’ असे मरे यांचे समर्थक सांगतात. ते धरले तरी सत्तरीनंतरची उतरण राहतेच.

रक्कम बाजूला ठेवू. अटींचे काय? इथे मरे यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते त्यांच्यावरच उलटते. १९६१पर्यंत धडधाकट पण बेकार बाप घरात असला की भत्ता नाही. मग ते राज्यांच्या मर्जीवर सोडले. सर्व राज्यांना बंधन घातले ते १९८८च्या कायद्याने. म्हणजे घर मोडण्याची अट कडक नियमांतच होती. (आपल्या संजय गांधी निराधार योजनेतही परित्यक्तेला आधी ‘टाकलेली’ ठरावे लागते.)

अलाबामाचा नियम तर असा, की आईचे कुणा पुरुषाशी संबंध असले की तोच मुलांचा ‘बदली बाप’, आणि मुलांचा भत्ता बंद. सेल्मातल्या मिसेस स्मिथ यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९६८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. मरे यांच्या हिशेबात ही ‘सैल झालेली’ अट. निकालपत्रात या बाईंचा संसार नोंदलेला आहे: पदरी चार मुले, पहाटे साडेतीन ते दुपारी बारापर्यंत काम, आठवड्याची कमाई १६ ते २० डॉलर. शनिवार-रविवारी येणारा पुरुष स्वतःच्या बायकोसोबत राहणारा, नऊ मुलांचा बाप. लग्नाचा प्रश्नच नव्हता. एवढी खरी बाई हाताशी असताना अभ्यासकाला फिलिस का रचावी लागली?